भिंतीवरून उतरलेला नमदा

मित्रांनो, आधी बूट काढा. हां, तिथे कडेला ठेवा. आता या आणि ऐसपैस मांडी घालून बसा. मी नमदा आहे, वयानं बराच झालेला. खरं सांगायचं तर बुटांचं मला स्वतःला काही वाटत नाही. मी पडलो लोकर, आणि लोकरीला कोण विचारतो? पण आमच्या कोक-जार गावात एका मुलीनं हा नियम घालून दिला, आणि आता तो मोडायची शहरातल्या मोठ्या बाईंचीही छाती होत नाही. ते कसं झालं तेच सांगायला बसलोय.

पुष्कळ जण मला गालिचा म्हणतात. म्हणोत बापडे. गालिचा विणतात, मला कोणी विणलेलं नाही. मला पिंजलं, छड्यांनी झोडपलं, कढत पाण्यानं भिजवलं आणि मग लाथा घालून घालून घडवलं. आमच्या किरगिझ मुलखात नमद्याचं असंच असतं. थंडीच्या तोंडावर मेंढ्या कातरून झाल्या की आयिमकान आपाच्या अंगणात गल्लीतल्या सगळ्या बायका जमत. आपा म्हणजे आजी. आयिमकान सगळ्या गल्लीचीच आजी होती. त्या वर्षीही बायका जमल्या. बोरूच्या चटईवर लोकर पसरली, वर पाणी शिंपडलं, चटई गुंडाळून दोरानं आवळली आणि ती गुंडाळी पायांनी ढकलत अंगणभर फिरवायला सुरुवात केली.

"अगं, मार की जोरात! सकाळी खाल्लं नाहीस का?" आपा एका सुनेवर ओरडली.

"खाल्लंय, आपा. पण लोकरीवर राग कसा काढू?"

"सासू समज तिला!"

"मग सरका बाजूला," असं म्हणून त्या सुनेनं अशी लाथ हाणली, की गुंडाळी थेट कोंबड्यांच्या खुराड्यावर जाऊन आदळली. तिची सासू शेजारीच उभी होती. ती पोट धरून हसत होती. माझा जन्म हा असा झाला, आणि लाथा खाल्ल्याशिवाय नमदा घट्ट होत नाही हे मला तेव्हापासून ठाऊक आहे.

नमदे वाळल्यावर आपानं ते रंगवले. मग एक लाल आणि एक गडद निळा असे दोन एकावर एक ठेवले, वर खडूनं एडक्याच्या शिंगांची नक्षी काढली आणि धारदार सुरीनं दोन्ही एकदमच कापले. लाल शिंगं निळ्यात बसली, निळी शिंगं लालमध्ये बसली. लोकरीचं एक बोटभरही वाया गेलं नाही, आणि एका कापणीत आम्ही दोघं जुळे भाऊ जन्मलो. माझ्या अंगावर लाल शिंगं, भावाच्या अंगावर निळी. भाऊ आपाकडेच राहिला. उन्हाळा आला की तो घोड्याच्या पाठीवर बसून डोंगरावरच्या कुरणात जायचा आणि आपाच्या राहुटीत अंथरला जायचा. मला आपानं गावातल्या बालवाडीला देऊन टाकलं.

"पोरं गार जमिनीवर बसतात. त्यांच्या बुडाखाली घाला," ती म्हणाली.

हे शब्द मी नीट ऐकले. बालवाडीच्या प्रमुख बुरुल्चा एजे यांनीही ऐकले. आमच्याकडे ताईला एजे म्हणतात, आणि बाईंनाही. बुरुल्चा एजेंनी मला खोलीच्या मधोमध उलगडलं, दोन पावलं मागं सरकल्या आणि गालावर हात ठेवून बघत राहिल्या.

"अगं बाई, हे पोरांच्या बुडाखाली? आणि सूप सांडलं म्हणजे? शी शी शी!"

दुसऱ्या दिवशी हातोडी आणि खिळे आले. मी भिंतीवर चढलो.

यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे चांगली वस्तू भिंतीवरच चढते. कोणाच्याही घरी जा, सगळ्यात सुरेख गालिचा पलंगाच्या मागं भिंतीला टांगलेला दिसेल, आणि माणसं जुन्या सतरंजीवर बसलेली असतील. तो मान असतो. मलाही सुरुवातीला तो मानच वाटला. पाहुणे येत, माझ्याकडे बघून तोंडात बोट घालत, "वा, काय हात आहे!" म्हणत. वर्षाच्या शेवटी मुलांचा फोटो माझ्यासमोर काढत. फोटो काढताना मात्र मुलांना माझ्यापासून हातभर लांब उभं करत, कारण त्यांचे हात चिकट असत.

त्या भिंतीवरून मी किती तरी मुलं बघितली. कोळशाची शेगडी, ओळीनं मांडलेले छोटे पलंग, काचेच्या कपाटात ठेवलेली खेळणी. कपाटाला कुलूप होतं. शहरातून तपासणीची समिती आली की खेळणी बाहेर निघत आणि समिती गेली की आत जात. बुरुल्चा एजे वाईट नव्हत्या, मित्रांनो. मुलाला ताप आला तर रात्रभर त्याच्या घरी जाऊन बसतील अशा होत्या. पण त्यांचा एक ठाम नियम होता. शिकायचं ते आत, खुर्चीवर, हाताची घडी घालून. बाहेर जायचं ते वारा खायला, आणि तेही टोपी घालून, जेवणाआधी थोडा वेळ. अंगणात तीन भिंतींचा एक ओटा होता, वर पत्रा. प्रत्येक बालवाडीत असतो तसा. त्यावर फक्त फावडी आणि मोडक्या घसरगाड्या ठेवलेल्या असत.

मग एका वर्षी सायकाल आली. शहरातून शिकून आलेली तरुण बाई, गालावर खळी आणि तोंडानं फटकळ. आल्या आल्या तिनं मुलांना अंगणात नेलं आणि वितळलेल्या बर्फाच्या ओहोळात काड्या सोडायला लावल्या.

"हे काय चाललंय?" बुरुल्चा एजे खिडकीतून ओरडल्या.

"अंक शिकतायत, एजे. कोणाची काडी पहिली, कोणाची दुसरी."

"अंक फळ्यावर असतात! बाहेर चिखल आहे."

"म्हणूनच तर पाणी वाहतंय ना!"

"पायमोजे कोण धुणार? तुझी आई?"

"आई शहरात आहे. मी धुईन," सायकाल म्हणाली, आणि खरंच तिनं त्या संध्याकाळी शेगडीवर सगळे पायमोजे वाळत घातले. खोलीभर ओल्या लोकरीचा वास सुटला. मला तो वास ओळखीचा वाटला. त्या दिवशी बऱ्याच वर्षांनी मला आठवलं, की मी लोकर आहे.

पुढच्या हिवाळ्यात सेझिम आली.

सेझिम आयिमकान आपाची नात. तिचे आईवडील कामासाठी परदेशात, मॉस्कोला. आमच्या गावात निम्म्या मुलांचं तसंच आहे. आजीआजोबांनीच तिला वाढवलं, आणि तेही उन्हाळाभर वरच्या कुरणात. थंडी पडली, खाली गावातल्या घरात उतरले, आणि त्या घरात, बंद खोलीत, आपा गेली. आजोबा शार्शेन तिला घोड्यावर पुढ्यात बसवून बालवाडीत सोडायला येऊ लागले. शार्शेन अताके, म्हणजे शार्शेनबाबा. उंच, वाकलेले, डोक्यावर पांढरी नमद्याची टोपी.

सेझिम आत यायची आणि सरळ माझ्या खाली, भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसायची. खुर्चीवर बसवलं की उठून परत तिथेच. बोलायची नाही. एक अक्षर नाही. "तुझं नाव काय?" म्हटलं की बुटांकडे बघायची. पण सगळी मुलं दुपारी झोपली की ती हात वर करून माझी खालची कड बोटांत धरायची. तिनं मला ओळखलं होतं. ती माझ्या भावावर रांगायला शिकली होती, त्याच्यावरच बसून आपाकडून सगळं शिकली होती. रंग उलटे, पण शिंगं तीच. मी भिंतीवर होतो आणि भिंतीवर कोणाला बसता येत नाही. मी काय करणार? मी टांगून होतो.

सायकालनं एकदा शार्शेन अताकेंना दारातच गाठलं.

"अताके, ही घरी बोलते का हो?"

"बोलते?" म्हाताऱ्यानं डोळे मोठे केले. "डोकं उठवते माझं! मेंढरांना बोलते, घोड्याला बोलते, कुत्र्याला तर शिव्या घालते. आजीसारख्या."

"मग इथे का नाही?"

म्हाताऱ्यानं टोपी काढली, परत घातली. "घरीसुद्धा बाहेर असली की बोलते. दाराच्या आत आली की गप्प. म्हातारी त्या खोलीत गेली ना पोरी. दार लावलेलं होतं. हिला बाहेर ठेवलं होतं आम्ही."

बुरुल्चा एजे आत टेबल पुसत होत्या. त्यांनी ऐकलं आणि तेच टेबल पुन्हा पुसलं.

आता मूळ अडचण सांगतो. येत्या शरदात सेझिम पहिलीत जायची होती. आणि दर वसंतात, नौरुझचा, म्हणजे नव्या वर्षाचा सण झाला की शहरातून तिघांची समिती येते. पहिलीत जाणाऱ्या मुलांना चित्रं दाखवते, प्रश्न विचारते. जे मूल बोलत नाही त्याला शहरातल्या निवासी शाळेत पाठवतात. शाळा वाईट आहे असं मी म्हणत नाही, मी बघितलेली नाही. पण ती डोंगरापलीकडे आहे आणि मुलं तिथून फक्त सुट्टीत घरी येतात.

शार्शेन अताकेंना हे कळलं तेव्हा ते उंबऱ्याबाहेर उभे होते. "मुलाला-सुनेला मॉस्कोनं नेलं," ते म्हणाले. "म्हातारीला मातीनं नेलं. आता हिलाही न्या. मग मी घोड्याशी बोलत बसतो." ते रागावलेले नव्हते. म्हणूनच ते ऐकवत नव्हतं.

समिती यायच्या आधी बुरुल्चा एजेंनी साफसफाई काढली. रात्री हंगामातला शेवटचा बर्फ पडून गेला होता, कोरडा, पिठासारखा. असा बर्फ पडला की आमच्याकडे घराघरातून नमदे आणि गालिचे बाहेर निघतात. बर्फावर पालथे घालून झोडपले की धूळ बर्फात उतरते आणि लोकर उजळते. एजेंनी खिळे उपटले आणि इतक्या वर्षांनी मी खाली आलो. सायकालनं आणि त्यांनी मिळून मला उचललं, आणि मग दोघी एकदमच थांबल्या.

माझी पाठ कसरीनं खाल्ली होती. जागोजाग चाळण. भिंतीकडची बाजू कोणी बघितलीच नव्हती.

"मी तर याला कोणाला हात लावू दिला नाही," बुरुल्चा एजे म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "पोरांना जवळ येऊ दिलं नाही."

"म्हणूनच कसर लागली, एजे," सायकाल म्हणाली. "वापरातल्या लोकरीला लागत नाही. तुमच्या स्वयंपाकघरातला नमदा बघा. तुमची नातवंडं त्यावर नाचतात, आणि तो ठणठणीत आहे."

एजे माझ्या भोकांवरून बोट फिरवत राहिल्या. मला वाईट वाटलं का? कसर लागली तेव्हा काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी त्यांचा चेहरा बघून वाटलं.

मुलांना माझ्या पाठीवर उड्या मारायची परवानगी मिळाली, आणि ती काय परवानगीची वाट बघत होती! बर्फ काळा झाला. लाथा बसत होत्या आणि मी खूश होतो. जन्मल्यापासून एवढ्या लाथा खाल्ल्या नव्हत्या. मग मला सुलटं करून त्या तीन भिंतींच्या ओट्यावर वाळत घातलं. मुलं सूप प्यायला आत पळाली. सेझिम गेली नाही.

ती ओट्याच्या कडेला आली. खाली बसून तिनं बूट काढले, एकाशेजारी एक नीट ठेवले आणि माझ्यावर पाय ठेवला. ओट्याची उघडी बाजू हे तिचं दार. त्या दारापासून सगळ्यात लांबच्या कडेकडे तिनं बघितलं. राहुटीत ती जागा मानाची, पाहुण्याची. तिकडे ती बसली नाही. ती दाराजवळ बसली, जिथे घरची बाई बसते आणि चहा देते. मग तिनं तोंड उघडलं.

"बसा. लांबून आलात. मेंढरं-घोडी सुखरूप आहेत ना? पोरंबाळं सुखरूप? चहा घ्या. नको काय नको? आमच्याकडे असं चालत नाही. अगं, कुत्र्याला हाकल कोणी तरी!"

समोर कोणी नव्हतं. एका दगडाला ती चहा देत होती. आणि आवाज अगदी आयिमकान आपाचा, बोलण्यातला तोऱ्याचा सूरसुद्धा.

सायकाल तिला सुपासाठी बोलवायला आली होती. ती खांबामागेच थांबली. ती डोळे पुसत होती आणि हसतही होती.

दुपारी तिनं बुरुल्चा एजेंना सगळं सांगितलं. "एजे, नमदा ओट्यावरच राहू द्या. समितीला हिला तिथे भेटवू."

"समिती काय अंगणात बसणार? वेडी की काय तू? ती राइसा एजे शहरातून येते, उंच टाचांचे बूट घालून."

"मग हिला पाठवतील."

"आणि भिंतीवर तो फिकट चौकोन दिसतोय, त्याचं काय? दर वर्षी राइसा एजे आधी नमद्याचं कौतुक करतात आणि मग बसतात. पोर खेळात एकटीच बडबडली म्हणजे परीक्षेत बोलेल कशावरून?"

"कशावरूनच नाही," सायकाल म्हणाली. "पण आत, भिंतीपाशी तर नक्कीच बोलणार नाही."

एजेंनी मला परत भिंतीवर ठोकलं. जुन्याच भोकांत खिळे गेले.

समिती आली. राइसा एजे पुढे, मागे एक डॉक्टर आणि एक लिहिणारी बाई. बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या. राइसा एजेंनी माझ्याकडे बघून हात जोडले. "काय जपलाय! संग्रहालयात ठेवण्यासारखा आहे." बुरुल्चा एजेंनी मान खाली घातली. माझी पाठ त्यांना आठवत होती.

मुलं एकेक करून आली. "हे काय?" "कोंबडा." "हे?" "सफरचंद." झालं. सेझिमची पाळी आली. ती माझ्याखाली उभी राहिली.

"हे काय आहे बाळ?"

चित्रात मेंढी होती. तिनं आयुष्यात मेंढ्यांशिवाय दुसरं फारसं काही बघितलं नव्हतं. ती गप्प राहिली.

"मेंढी आहे की नाही? सांग हं. मेंढी कशी करते?"

गप्प. डॉक्टरनं तिच्या कानात उजेड टाकून बघितलं, कान चांगले होते. राइसा एजेंनी दोनदा, तीनदा विचारलं, आवाज न चढवता. त्या दुष्ट नव्हत्या. शेवटी त्यांनी लिहिणाऱ्या बाईकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "बिचारी. शहरात पाठवू. तिथे बघतील."

खिडकीबाहेर शार्शेन अताके घोड्याचा लगाम धरून उभे होते. त्यांना ऐकू आलं नसेल, पण राइसा एजेंची मान हललेली दिसली असणार. ते घोड्याच्या मानेत तोंड घालून उभे राहिले. सेझिमनं हात वर करून माझी कड धरली. मी भिंतीला खिळलेलो होतो. एवढी वर्षं मी कसलीच गोष्ट फार मनाला लावून घेतली नव्हती. त्या क्षणी मला खिळ्यांचा राग आला.

"थांबा," बुरुल्चा एजे म्हणाल्या.

सगळ्यांनी बघितलं. एजेंनी खुर्ची ओढली, तिच्यावर चढल्या, आणि हातोडी शोधत न बसता मला दोन्ही हातांनी धरून ओढलं. खिळे सुटले, एक कोपरा फाटला, कसरीचा भुसा राइसा एजेंच्या केसांवर पडला.

"बुरुल्चा! हे काय करतेस?"

"बाहेर या," एजे म्हणाल्या. "सगळे बाहेर या. पाच मिनिटं. मग तुम्हाला काय लिहायचं ते लिहा."

सायकालनं दुसरं टोक धरलं. माझी खाल्लेली पाठ सगळ्यांना दिसली आणि एजेंनी ती लपवली नाही. त्यांनी मला ओट्यावर अंथरलं. वारा होता, मागच्या कुरणावर अजून बर्फाचे डाग होते. सेझिम धावत आली, बूट काढले, दाराजवळच्या तिच्या जागी जाऊन बसली आणि वाट बघू लागली.

राइसा एजेंनी केस झटकले, सुस्कारा टाकला आणि ओट्यावर चढल्या. प्लास्टिकच्या पिशव्यांसकट त्यांचा उंच टाचेचा बूट माझ्या लाल शिंगावर आला.

"बूट!" सेझिम ओरडली.

राइसा एजे एका पायावरच थांबल्या.

"बूट काढा, एजे! नमद्यावर बूट घालून येतात का? कोणी शिकवलं तुम्हाला?"

"अगं, पण आपण बाहेर आहोत ना?" राइसा एजे म्हणाल्या. बहुधा सवयीनं, मुलाला विचारावं तसं.

"बाहेर कुठे? नमदा अंथरलाय ना," सेझिम म्हणाली. "हे घर आहे."

राइसा एजेंनी बूट काढले. एका पायमोज्याला अंगठ्याशी भोक होतं. सेझिमनं ते बघितलं, पण पाहुण्याला लाजवायचं नसतं म्हणून तिनं तिकडे दुर्लक्ष केलं. "तिकडे बसा, मानाच्या जागी. डॉक्टरकाका, तुम्ही त्यांच्या उजवीकडे. तुमची मेंढरं-घोडी सुखरूप?"

"सुखरूप," राइसा एजे म्हणाल्या, आणि मग जरा गोंधळून, "माझ्याकडे फक्त एक मांजर आहे."

"तेही चालतं. दूध देतं का?"

डॉक्टर ठसका लागल्यासारखा खोकला. राइसा एजेंनी मगाचं चित्र काढून तिच्यापुढे ठेवलं. सेझिमनं एक नजर टाकली. "ही मेंढी नाही. हिला शेपूटच चुकीचं काढलंय. आमच्या मेंढ्यांची शेपटी जाड असते, चरबीची. ही आजारी असेल. चहा घ्या." तिनं रिकामी मूठ, जणू तिच्यात चहाची वाटीच आहे अशी, पुढे केली. राइसा एजेंनी दोन्ही हातांनी ती वाटी घेतली, जशी आमच्याकडे घेतात, आणि प्यायल्या.

मग त्या लिहिणाऱ्या बाईकडे वळल्या. "मगाचं खोडून टाक. हिला इथेच राहू दे, गावच्या शाळेत. शहरात पाठवलं तर ही तिथल्या मास्तरांचे बूट काढून ठेवेल."

कुंपणापाशी शार्शेन अताके घोड्याचा पट्टा आवळत होते. पट्टा आधीच आवळलेला होता. त्यांचे खांदे हलत होते.

बुरुल्चा एजे ओट्याच्या खालीच उभ्या होत्या. सेझिमनं त्यांच्याकडे बघितलं. "एजे, तुम्ही का उभ्या? या की. बूट काढा."

मित्रांनो, इतकी वर्षं त्यांनी मला जपलं, पण माझ्यावर त्या कधी बसल्या नव्हत्या. त्यांनी बूट काढले. सेझिमनं त्यांना स्वतःच्या शेजारी जागा दिली. त्या बसल्या, माझ्यावर हात फिरवला, आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडल्या. "पोरांच्या बुडाखाली घाल म्हणाली होती म्हातारी," त्या म्हणाल्या. "स्पष्ट म्हणाली होती." सेझिमनं त्यांनाही चहा दिला.

त्यानंतर मी पुन्हा भिंतीवर चढलो नाही. काचेच्या कपाटाचं कुलूपही निघालं. सकाळी मुलं आली की बुरुल्चा एजे मला खांद्यावर टाकतात आणि विचारतात, "आज घर कुठे?" मुलं सांगतात. कधी शेगडीजवळ, कधी ओट्यावर, कधी ओहोळाच्या काठी विलोच्या झाडाखाली. जिथे अंथरतात तिथे शिकणं चालतं. आत असो, बाहेर असो, बूट कडेला. माझ्यावर सूप सांडलंय, चिखलाचे डाग पडलेत, एका पोरानं मेंढीचं कोकरू आणलं होतं त्यानं काय केलं ते सांगत नाही. कसरीची भोकं सायकालनं दाभणानं रफू केली, तीही फार सुबक नाहीत. पण नवी कसर लागलेली नाही. सेझिम आता गावच्या शाळेत जाते. जाता-येता कुंपणावरून डोकावते आणि मुलांच्या पायांकडे बघते. एखादा बूट दिसला तर तिची हाक अख्ख्या गल्लीला ऐकू जाते.

माझं एवढंच मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या घरात, तुमच्या शाळेत काही सुरेख असेल तर ते लहानांच्या हाताखाली, पायाखाली येऊ द्या. फाटलं तर शिवता येतं. मला भिंतीवर जपलं तेव्हा मी मागून मरत होतो आणि खाली एक मूल गप्प बसत होतं. आता उठताना मला एकदा झटका. आणि बूट घालायचे ते खाली उतरून घाला, ती शाळेतून यायची वेळ झाली आहे.